जास्त तास थांबणारा माणूस कामात रमलेला असतोच का?

मृण्मयी_पुणे (धागाकर्ती)

पुण्यातल्या एका आयटी कंपनीच्या एचआरमध्ये मी काम करते. आमच्याकडे दरवर्षी एंगेजमेंट सर्व्हे होतो, म्हणजे लोक कामात किती रमलेत याची पाहणी. निकाल आले की प्रत्येक टीमला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग मिळतो. हिरव्या टीमच्या मॅनेजरचं टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कंपनीच्या सभेत, कौतुक होतं, लाल टीमच्या मॅनेजरला आमच्यासमोर बसून सुधारणेचा आराखडा लिहून द्यावा लागतो. यंदा सगळ्यात हिरवी निघालेली टीम रात्री सगळ्यात उशिरापर्यंत ऑनलाइन असणारी टीमही आहे. वरच्या बैठकीत लगेच सूर निघाला, "बघा, लोक झोकून देऊन काम करतात तिथे एंगेजमेंट आपोआप येते. बाकीच्या टीमनीही हाच कित्ता गिरवावा."

हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. तो धोरण म्हणून राबवला तर माणसांना इजा होईल असंही वाटतं. म्हणून हा धागा.

या विषयावरचं बरंच महत्त्वाचं संशोधन नेदरलँड्समधल्या युट्रेक्ट विद्यापीठातून आलं आहे. विल्मार शाउफेली आणि आर्नोल्ड बाकर यांनी एंगेजमेंट मोजायला १७ विधानांची प्रश्नावली तयार केली, ती आज जगभर वापरतात. तीत तीन गोष्टी पाहिल्या जातात: कामातला उत्साह, कामाबद्दलची आस्था आणि कामात गुंगून जाणं. पुढे शाउफेलींनीच सहकाऱ्यांबरोबर कामाच्या व्यसनासाठी, म्हणजे वर्कोहोलिझमसाठी, वेगळी प्रश्नावली बनवली. तिथे दोनच गोष्टी तपासतात. माणूस अतोनात काम करतो का, आणि आतून टोचणी लागल्यासारखं करतो का. "सुट्टी घेतली की अपराधी वाटतं", "काम नसलं की निवांत बसता येत नाही" अशा अर्थाची विधानं तिच्यात आहेत.

दोन्ही याद्या मी शेजारी ठेवून वाचल्या. १७ विधानांच्या यादीत 'गुंगून जाणं' या भागात एक विधान आहे: कामापासून स्वतःला वेगळं करणं मला कठीण जातं. या विधानाला होकार दिला की एंगेजमेंटचे गुण वाढतात! व्यसन लागलेला माणूसही इथे डोळे झाकून 'नेहमी'वर खूण करेल. २००६ साली याच प्रश्नावलीची ९ विधानांची छोटी आवृत्ती आली, तिच्यात हे विधान नाही. इटलीतल्या दोन संशोधकांनी २०१९ साली तोवरचे अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हाही हेच दिसलं. एंगेजमेंट आणि कामाचं व्यसन मुळात वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचं साम्य आहे ते मुख्यतः या गुंगून जाण्यापुरतं.

म्हणजे मान खाली घालून बसलेला, डबा उघडायचा विसरलेला, रात्री अकराला मेलला उत्तर देणारा माणूस दोन्हीपैकी कुठलाही असू शकतो. फरक कळतो तो लॅपटॉप मिटल्यावर. रमलेला माणूस घरी जाऊन मुलीबरोबर कॅरम खेळू शकतो. दुसरा कॅरम खेळतानाही फोन बघत राहतो. युट्रेक्टच्याच गटाच्या २०११च्या अभ्यासात या दोघांमागची प्रेरणा वेगळी निघाली. एकाला काम आवडतं, महत्त्वाचं वाटतं, म्हणून तो करतो. दुसऱ्याची स्वतःच्या नजरेतली किंमत कामावर टांगलेली असते, थांबला की तो स्वतःलाच कमी वाटायला लागतो.

आमच्या सर्व्हेत लॅपटॉप मिटल्यानंतरचा एकही प्रश्न नाही. उलट अप्रेझलच्या वेळी 'एक्स्ट्रा माईल' या रकान्यात मॅनेजर हमखास उशिरापर्यंत थांबण्याची उदाहरणं लिहितात. मग आपण नक्की कोणाला बढती देतोय?

वेगवेगळ्या क्षेत्रांतले अनुभव वाचायला आवडतील. सहमत नसाल तर तेही लिहा.

---

भोसरीकर

मृण्मयी, विषय चांगला काढलास. मी भोसरी एमआयडीसीत टूलरूममध्ये होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. नवीन डाय (साचा) प्रेसवर चढवली आणि पहिला पीस मापात आला नाही, तर आमच्यातल्या कोणाचा पाय घरी निघत नसे. सुपरवायझर म्हणायचे, उद्या बघू. आम्ही म्हणायचो, आत्ताच बघू. ओव्हरटाइम मिळो न मिळो. पीस मापात बसला की जो आनंद व्हायचा तो मी कशाशीही बदलला नसता. त्याला कोणी व्यसन म्हटलं तर मला पटणार नाही.

पण तू म्हणतेस तो फरक आमच्याकडेही होता, हे आता वाचताना जाणवतं. डाय पास झाली की पुढचे आठ दिवस आम्ही वेळेवर घरी. गणपतीत गावी गेलो की कंपनीची आठवणही नसायची. प्रेस काही पिशवीत घालून नेता येत नव्हती. भोंगा वाजला की मशीन बंद आणि माणूस मोकळा. आज माझा मुलगा जेवणाच्या ताटावर कॉल घेतो. त्याच्या वाट्याला तो भोंगाच आलेला नाही.

---

सीनाकाठ

सोलापूर जिल्ह्यातल्या एका सरकारी बँकेच्या शाखेचा मी व्यवस्थापक आहे. धागा आवडला, पण तुमच्या दोन प्रकारांत आमची माणसं बसत नाहीत, हे स्पष्ट लिहितो.

आमच्याकडे रात्री आठला शाखेत दिवे चालू असतात. त्याचं कारण ना आवड, ना व्यसन. शाखेत माणसं कमी आहेत, काम तेवढंच आहे. दिवसभर काउंटर, पीक कर्जाचं नूतनीकरण, पेन्शनरांचे हयातीचे दाखले. चारनंतर कर्जाच्या फायली. त्यात विम्याचं टार्गेट. त्यात 'लॉगिन डे', म्हणजे ठरलेल्या दिवशी जास्तीत जास्त अर्ज भरून द्यायचे. संध्याकाळी सहाला क्षेत्रीय कार्यालयाची व्हीसी (व्हिडिओवरची बैठक) असते आणि तिथे आकडे कमी दिसले की दोनशे लोकांसमोर नाव घेऊन विचारलं जातं. रविवारी मेळावा. हे सगळं करणाऱ्या माझ्या क्लार्कला तुम्ही वर्कोहोलिक म्हणालात, तर दोष त्याच्या स्वभावात आहे असा अर्थ होईल. त्याच्या स्वभावात काहीच दोष नाही. त्याला सहाला घरी जायचं असतं, जाता येत नाही.

म्हणून विनंती अशी की चर्चेत हा तिसरा गट विसरू नका. मला वाटतं आपल्याकडे तो सगळ्यात मोठा आहे.

---

मृण्मयी_पुणे

सीनाकाठ, अगदी योग्य मुद्दा. व्यसनाची व्याख्या करणारे संशोधकही हेच सांगतात की नुसते तास मोजून काहीच ठरत नाही. कर्ज फेडायचंय म्हणून, साहेबाच्या धाकाने किंवा माणसंच कमी आहेत म्हणून जास्त काम करणाऱ्याला ते वर्कोहोलिक मानत नाहीत. आतली टोचणी हवी.

तुमच्या शाखेचं जे वर्णन आहे त्यासाठी २००१ सालचं एक प्रारूप उपयोगी पडतं. इव्हान्गेलिया डेमेरूटी, बाकर, शाउफेली आणि त्यांच्या एका जर्मन सहकाऱ्याने ते मांडलं. प्रत्येक नोकरी माणसाकडून काही मागते: वेळ, श्रम, गिऱ्हाइकाचं बोलणं सहन करणं. आणि प्रत्येक नोकरी काही देतेही: निर्णयाचं स्वातंत्र्य, वरिष्ठांचा आधार, चांगलं केलं तर तसं सांगणारं कोणी. मागणं वाढत गेलं की माणूस झिजतो. देणं असलं की एंगेजमेंट येते. मागणं वाढवून एंगेजमेंट वाढेल असं त्यात कुठेही नाही, आणि आमच्या बैठकीत नेमकं तेच गृहीत धरलं गेलं. दोनशे लोकांसमोर नाव घेणं हे देणं तर नाहीच.

भोसरीकर काका, तुमची डाय म्हणजे एंगेजमेंटचं मला मिळालेलं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. काम अवघड होतं, पण ते कसं सोडवायचं हे तुमच्या हातात होतं आणि जमलं की नाही ते तुम्हाला तिथल्या तिथे कळत होतं.

---

धडपड्या

विरोधी बाजू मांडतो. माझी स्वतःची छोटी कंपनी आहे, शेतमालाच्या वाहतुकीत. सुरुवातीच्या काळात आम्ही सगळ्यांनी दिवसरात्र एक केला म्हणून आज बऱ्याच घरांत पगार जातोय. २०२३च्या ऑक्टोबरात नारायण मूर्ती तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हणाले तेव्हा त्यांच्यावर सगळे तुटून पडले. पण त्यांनी स्वतः तसं काम करून कंपनी उभी केली, हे कोणी नाकारू शकतं का? आठवड्याला ४० तासांत काहीही नवीन उभं राहत नाही. आणि मला ते काम मनापासून आवडतं. मग माझ्यासारख्याला काय म्हणणार, व्यसनी की एंगेज्ड?

दुसरं, माझ्या टीममधला जो मुलगा रविवारीही गाडी कुठे अडकली ते बघतो, त्याला मी बढती नाही द्यायची तर कोणाला द्यायची?

---

डॉ_वैनगंगा

मी नागपुरात मानसोपचार करते. धडपड्या, तुमच्या प्रश्नाला संशोधनात सरळ उत्तर आहे. मृण्मयीने सांगितलेल्या २०११च्या अभ्यासात आणखी एक गट होता, एंगेज्ड असूनही व्यसनी असलेल्या लोकांचा. सगळ्यात जास्त तास तेच काम करत होते. पण थकून कोसळण्याची लक्षणं निव्वळ व्यसनी लोकांमध्ये जास्त होती. कामाची आवड त्यांचं काही प्रमाणात रक्षण करत होती. तुम्ही कदाचित त्या गटात असाल. तुमची टीम त्याच गटात आहे असं मात्र तुम्ही धरून चालू नका. कंपनी तुमची आहे, निर्णय तुमचे आहेत, फायदाही तुमचा आहे. तेच तास तुमच्या नोकरदाराच्या अंगावर वेगळे पडतात.

तासांबद्दल आता डॉक्टर म्हणून बोलते. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. २०१६ या एका वर्षात लांब कामाच्या तासांशी निगडित मृत्यू त्यांनी ७ लाख ४५ हजार मोजले. काम आवडतं म्हणून रक्तवाहिन्या सूट देत नाहीत.

कामाचं व्यसन हा आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्र आजार नाही, त्यामुळे माझ्याकडे कोणी "मी वर्कोहोलिक आहे" म्हणून येत नाही. येतात ते झोप लागत नाही म्हणून, छातीत धडधडतं म्हणून, किंवा बायकोने हाताला धरून आणलं म्हणून. बोलताना कळतं की कामावरसुद्धा त्यांना बरं वाटत नाही. बरेच जण समजतात की अशा माणसाला काम करताना तरी सुख मिळत असेल. इटलीत बोलोन्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली १३९ कर्मचाऱ्यांना फोनवरच्या ॲपमधून दिवसात पुन्हा पुन्हा विचारलं, आत्ता कसं वाटतंय? व्यसनाचे गुण जास्त असलेल्यांची मनःस्थिती काम चालू असतानाच इतरांपेक्षा वाईट होती. माझ्या खोलीत जे दिसतं त्याच्याशी हे तंतोतंत जुळतं.

---

अनामिका_चिंचवड

हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून लिहितेय.

माझे पती एका मोठ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहेत. माणूस अतिशय चांगला आहे. दारू नाही, सिगारेट नाही. नातेवाईक म्हणतात, "किती कष्टाळू नवरा मिळाला!" त्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही. दिवाळीत पाडव्याला ओवाळायला बसलो तेव्हा ते पाटावर बसूनच कोणाला तरी उत्तर लिहीत होते. कोकणात गेलो तर नेटवर्क कुठे मिळतं ते आधी शोधतात. मागच्या वर्षी कंपनीनेच सांगितलं, रजा शिल्लक आहेत, घ्या. घेतल्या, तर आठवडाभर घरात चिडचिड, पाठदुखी, मुलांवर ओरडणं. कामावर परत गेले तेव्हा आम्हाला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून मला रडू आलं.

कंपनीत त्यांना दोनदा उत्कृष्ट कर्मचाऱ्याचा पुरस्कार मिळालाय. दोन्ही ट्रॉफ्या हॉलमध्ये आहेत. मोठा मुलगा आठवीत आहे. तो परवा म्हणाला, बाबांना काही सांगायचं असेल तर मेल करतो.

मी काय करू? "कमी काम करा" म्हटलं की भांडण होतं.

---

डॉ_वैनगंगा

अनामिकाताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. वर्कोहोलिझमवर पहिल्यांदा लिहिणारे वेन ओट्स हे अमेरिकेतले धर्मगुरू आणि समुपदेशक. दारूच्या आहारी गेलेल्या लोकांना ते मदत करायचे आणि त्यांची लक्षणं त्यांना स्वतःच्या कामात दिसली. त्यांच्या लहान मुलाने बाबांना भेटायला त्यांच्या ऑफिसची वेळ मागितली होती, असं त्यांनीच लिहिलंय. १९६८ ते १९७१च्या सुमाराची ही गोष्ट. तुमच्या घरी जे घडतंय ते तेव्हापासून ओळखीचं आहे, आणि त्यात तुमचा दोष नाही.

"कमी काम करा" हे वाक्य त्यांना "तू कमी हो" असं ऐकू येत असणार. त्याऐवजी शरीराच्या तक्रारीपासून सुरुवात करा. पाठदुखी, झोप, रक्तदाब. या वयाच्या पुरुषाला तपासणीला नेणं मानसोपचाराला नेण्यापेक्षा सोपं असतं. रजेच्या काळात होणारी चिडचिड खरी आहे, ते मुद्दाम करत नाहीत. म्हणून एकदम आठवडाभराची रजा नको. रोज संध्याकाळचा एक ठराविक तुकडा घ्या, ज्यात फोन दुसऱ्या खोलीत असेल आणि हात कशात तरी गुंतलेले असतील: बागकाम, पोहणं, मुलाबरोबर सायकल दुरुस्त करणं. जर्मनीतल्या झाबिने झोनेनटाग यांनी आयुष्यभर यावर काम केलंय. कामाच्या वेळेनंतर मन कामातून खरोखर सुटलं तरच दुसऱ्या दिवशी माणूस ताजा होतो. नुसतं सोफ्यावर बसून ते होत नाही, कारण डोक्यात काम चालूच राहतं. तरीही फरक पडला नाही तर दोघंही समुपदेशकाकडे जा. ते तयार नसतील तर तुम्ही एकट्या जा. तुम्हालाही आधाराची गरज आहे.

---

दर्यापार

मी नेदरलँड्समध्ये आयंडहोवनला राहतो. ज्या देशातून हे संशोधन आलं तिथला नोकरीचा अनुभव सांगतो, कारण इथे येण्याआधी मी हिंजवडीत होतो.

इथे सगळ्या नोकरदारांचे तास धरले तर आठवड्याची सरासरी ३२च्या आसपास येते. अर्धवेळ काम करणं सर्रास चालतं, पुरुषही करतात. माझ्या टीममधले दोन बाप आठवड्यातला एक दिवस मुलांसाठी घरी असतात. त्या दिवसाला 'पापादाख' म्हणतात आणि त्या दिवशी त्यांना कोणी फोन करत नाही. पहिल्या वर्षी मी हिंजवडीच्या सवयीने साडेसातपर्यंत थांबायचो. मॅनेजरने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुला काम जास्त दिलंय का, की काही जमत नाहीये?" त्याच्या दृष्टीने माझं थांबणं म्हणजे नियोजनात काहीतरी चुकल्याची खूण होती. हिंजवडीत त्याच गोष्टीसाठी मला शाबासकी मिळाली होती.

इथे व्यसनी माणसं नाहीत असं नाही, व्यसनाची प्रश्नावली इथेच तयार झाली! पण त्यांच्या व्यसनाला संस्था टाळ्या वाजवत नाही. फरक पडतो तो तिथे.

---

तोक्यो_अनघा

जपानमधून थोडंसं. इथे अतिकामाने होणाऱ्या मृत्यूला 'कारोशी' म्हणतात आणि २०१४ साली त्याच्या प्रतिबंधासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यानंतर ओव्हरटाइमला महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची कायदेशीर मर्यादा आली. गर्दीच्या महिन्यातही १००च्या आतच राहावं लागतं. आधीपेक्षा परिस्थिती सुधारली आहे. पण साहेब उठल्याशिवाय उठायचं नाही ही जुन्या कंपन्यांतली सवय अजून पूर्ण गेलेली नाही.

मृण्मयीताई, तुमच्या डायरेक्टरांना एक आकडा दाखवा. गॅलप या अमेरिकी संस्थेच्या सर्वेक्षणात गेल्या काही वर्षांत जपानमधले एंगेज्ड कर्मचारी ५-७ टक्क्यांच्या घरात आहेत. २०२३ची जागतिक सरासरी २३ टक्के होती. लांब तासांनी एंगेजमेंट येत असती तर जपान यादीत वर असता.

---

धडपड्या

सगळे प्रतिसाद नीट वाचले. अनामिकाताईंचं वाचून रात्री बराच वेळ विचार करत होतो.

तरी एक गोष्ट मला मान्य होत नाही. प्रत्येक वेळी जपान आणि नेदरलँड्सची उदाहरणं येतात. ते श्रीमंत देश आहेत, त्यांना परवडतं. आपल्याला अजून देश उभा करायचाय. तास कमी केले तर उत्पादन कमी होणार, हे साधं गणित आहे.

---

मृण्मयी_पुणे

धडपड्या, तुमचं गणित तपासून झालेलं आहे, तेही श्रीमंतीच्या नव्हे तर युद्धाच्या काळातल्या आकड्यांवर. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळ्याचे कारखाने अहोरात्र चालत. कामगारांत बहुतांश बायका होत्या. देश जगण्यामरण्याच्या लढाईत होता, याहून मोठी निकड काय असणार? सरकारी समितीने तेव्हा कामगारांचे तास आणि तयार झालेले नग नोंदवून ठेवले. स्टॅनफर्डच्या जॉन पेनकॅवेल यांनी २०१४ साली त्या नोंदी पुन्हा तपासल्या. आठवड्याला साधारण ५० तासांपर्यंत तास वाढले की उत्पादन वाढत होतं. त्यापुढे प्रत्येक जादा तासाला मिळणारं उत्पादन घसरत गेलं. ७० तासांचं उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनापेक्षा फारसं वेगळं नव्हतं. मधले १४ तास गेले कुठे? आणि ज्या आठवड्यात रविवारची सुट्टी दिली नाही, तिथे दर तासाचं उत्पादन खाली आलं. २०२५च्या जानेवारीत एल अँड टी कंपनीचे प्रमुख एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं आणि रविवारी काम करून घेण्याचं वक्तव्य गाजलं, तेव्हा हा अभ्यास सगळ्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापायला हवा होता.

आता तुमच्या रविवारच्या मुलाबद्दल. एरिन रीड यांचा २०१५चा एक अभ्यास आहे, एका मोठ्या सल्लागार कंपनीतला. तिथे आठवड्याला ८० तास खरोखर काम करणारे लोक होते. काही पुरुष मात्र जवळचे क्लायंट निवडून, परस्पर वेळा जुळवून कमी तासांत काम उरकत आणि ते कोणाला कळू देत नसत. वरिष्ठांना दोन्ही गट सारखेच मेहनती वाटत होते, दोघांनाही चांगले शेरे मिळत होते. ज्यांनी उघडपणे कमी वेळ मागितला त्यांचे शेरे मात्र खाली गेले. म्हणजे तिथे बक्षीस कामाला मिळत नव्हतं, सदैव हजर दिसण्याला मिळत होतं.

त्या मुलाला जरूर बढती द्या. पण आधी बघा की दर रविवारी गाडी अडकते का, आणि तो नसला तर ती कोणीच का सोडवू शकत नाही. ती माहिती फक्त त्याच्या फोनमध्ये असेल तर तुमच्या कंपनीचा कणा एका माणसाच्या न मिळालेल्या सुट्टीवर उभा आहे. तो आजारी पडला तर?

पुण्यात राहून मला हे फार जवळचं वाटतं. २०२४च्या जुलैमध्ये इथेच नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेली २६ वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट मुलगी गेली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये सगळीकडे फिरलं. आईने कामाच्या ताणाला जबाबदार धरलं, कंपनीने ते नाकारलं. ते पत्र आमच्या ऑफिसमध्ये प्रत्येकाने वाचलं होतं. नंतरच्या आठवड्यात किती मॅनेजरांनी रात्रीचे कॉल बंद केले, हे मी विचारलं तेव्हा शांतता होती.

---

सीनाकाठ

यात कायदा काय म्हणतो तेही इथे नोंदवून ठेवतो, कारण बऱ्याच तरुणांना माहीत नसतं. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात, २०१७च्या, दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा ठरवलेली होती. वरच्या तासांना दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात आणि तीन महिन्यांत १२५ तासांपेक्षा जास्त ओव्हरटाइम घेता येत नव्हता. २०२५च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे तास १० आणि तिमाही ओव्हरटाइम १४४ तास करायला मंजुरी दिली. म्हणजे आपण उलट्या दिशेला निघालोय. शिवाय व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षी पदांना हा कायदा लागू नाही. अनामिकाताईंचे यजमान त्या पदावर आहेत, म्हणजे त्यांच्या तासांना कायद्याचं कुंपणच नाही.

बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८च्या डिसेंबरात लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं: कामाच्या वेळेनंतर फोन किंवा मेलला उत्तर न देण्याचा हक्क. खासगी विधेयक असल्याने ते पुढे सरकलं नाही. फ्रान्समध्ये असा हक्क २०१७पासून आहे, ऑस्ट्रेलियात २०२४पासून. आमच्या संघटनेच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे.

---

अनामिका_चिंचवड

डॉक्टर, रक्तदाबाच्या तपासणीला यायला ते तयार झाले. एवढंच सध्या. बाकी काही सांगितलं नाही. सगळ्यांचे आभार.

दर्यापार, तुमच्या मॅनेजरने विचारलेला प्रश्न मी त्यांना वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, पण "कोण आहे हा?" असं मात्र विचारलं.

---

धडपड्या

मृण्मयीताई, गाडी दर रविवारी अडकते. माहिती त्याच्याच फोनमध्ये आहे. या आठवड्यात दुसऱ्या दोघांना ते शिकवायला सांगितलंय आणि रविवारची पाळी लावतोय. ७० तासांबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही. स्वतःपुरतं तरी मी तेच करणार.

---

मृण्मयी_पुणे

स्वतःपुरतं तुम्ही ठरवा. फक्त रात्रीचे मेसेज टीमच्या ग्रुपवर टाकू नका, मालकाचा मेसेज आला की "उद्या बघ" असं लिहिलेलं असलं तरी माणूस आजच बघतो.

माझी डायरेक्टरांबरोबरची बैठक गुरुवारी आहे. तिथे तीन मागण्या ठेवतेय. डॅशबोर्डवरून 'ऑनलाइन तास' हा रकाना काढावा. सर्व्हेत कामानंतरच्या वेळेबद्दल दोन प्रश्न घालावेत: गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी काम डोक्यातून गेलं का, आणि रजा घेताना अपराधी वाटलं का. एखादी टीम एंगेजमेंटमध्ये हिरवी आणि या दोन प्रश्नांत लाल आली तर तिला हिरवा रंग देऊ नये. तिसरी मागणी कठीण जाईल. मॅनेजरने स्वतः किती रजा घेतल्या आणि रजेवर असताना किती मेल पाठवले, हे त्याच्या अप्रेझलमध्ये बघावं. वरचा माणूस सुट्टी घेत नाही तोवर खालचा घेणार नाही.

भोसरीकर काका, तुमची डायची गोष्ट बैठकीत सांगितली तर चालेल का? तोक्यो_अनघा, गॅलपच्या ज्या अहवालात जपानचा आकडा आहे त्याचं वर्ष मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, विचारलं तर सांगता आलं पाहिजे. काय ठरतं ते शुक्रवारी याच धाग्यावर लिहिते.